पोरोसोलचा भूगोल

शेंदूरजनाघाट
अक्षय तृतीयेनंतरचा चवथा दिवस

प्रिय दामिनी,

सुनेले 'प्रिय' लिवाची आपल्या घरात रीत नाई. पन गजेंद्र तिकडून पत्र धाडे तवा वरती तोच शब्द राहे, म्हून मीबी तोच टाकला. मी सातवी शिकलेला मानूस. अक्षर वाकडं दिसन, वाचून घेजो. बाजूच्या माणिकबाईचा अमोल म्हने, बाबाजी, कायले कागद नासवता, लिवा अन माह्याजवळ द्या, मोबाइलवर फोटो काढून पाठवतो, दोन मिनिटात पोचते. मी नाई म्हनलं. फोटो काढतानी तो वाचन. उद्या सकाळच्या एस्टीनं अमरावतीले जातो अन मोठ्या पोस्टात सवताच्या हातानं टाकतो. फोनवर काहून नाई बोलले मामाजी, असं तुले वाटन. फोन आला का तुही आत्याबाई, गजेंद्रची माय, दाराशी येऊन बसते. बोलत नाई, नुसती ऐकते. हे तुलेबी मालूम हाये.

तुहं फेब्रुवारीतलं पत्र भेटलं. उत्तराले दोन महिने लागले. काहून लागले ते सांगतोच, पन माह्या रीतीनं सांगू दे. मधातून सुरू केलं तं मले जमत नाई.

पहिले घरचं सांगतो. ऊन बेचाळीसच्या वर गेलं. नर्सरीतली जंबेरीची रोपं हिरव्या जाळीखाली हायेत, सकाळ-संध्याकाळ पानी देतो. या वर्षी जंबेरीवर संत्र्याचे डोळे बांधून कलमा कराले मानसं भेटली नाईत, मी सवताच चाकू घेऊन बसलो, पन नजर साथ देत नाई. निम्मे डोळे वाळून गेले. तुही आत्याबाई जेवते, हिंडते, विचारलं त्याचं उत्तर देते. पन जानेवारीपासून या घरात फोडनी पडली नाई. ती खाली सतरंजीवर निजते. होळीले पुरन नाई झालं, पाडव्याले गुढी नाई लागली. लोक मले म्हनतात, खुशालराव, तीन महिने होऊन गेले, किती दिवस सुतक धरता. मी काय सांगू त्याईले. मी नाई धरलं, तिनं धरलं. तिचं म्हननं एकच. मातीच झाली नाई तं तेरवी कायची.

आपल्याइकडं मानूस सकाळी गेला तं दुपारपर्यंत त्याची माती होऊन जाते. जाळा नाईतं पुरा, आमी त्याले मातीच म्हनतो. पोरीचं माहेर दूर असलं तं फारतर संध्याकाळ होते. अन गजेंद्र संक्रांतीनंतर आठ दिवसानं गेला, दारापुढचा बर्फ फावड्यानं सारता सारता पडला, तो अजून तुमच्या गावात देवळामांगच्या दगडी खोलीत पडून हाये.

वरूडचे महाराज घरी आले होते. ते म्हने बाई, पिठाचा पुतळा करा, त्याले अग्नी द्या, शास्त्रात सोय हाये, सुतक फिटन. तिनं त्याईले चहा पाजला, कप उचलला अन म्हने, महाराज, माहा पोरगा तठी सगळाच्या सगळा हाये ना, मंग पिठाचा कायले करू. महाराजानं चप्पल घातली.

आता पत्राची गोठ. तुह्या लग्नाच्या पहिलेची हाये, तुले अर्धीच मालूम असन. गजेंद्र अकोल्याच्या कृषी विद्यापीठात मातीचं शिकला अन एकदम कॅनडात गेला, तवा त्याच्या मायले वाटलं का पोरगा ढगात गेला. रोज मले विचारे, कुठी हाये तो, कोनत्या बाजूले, तठी कोन राहते, पानी कुठचं पेतात. मी म्हनो, मले काय मालूम, मी काय पाहून आलो. फोनवर त्यालेबी सांगता येत नव्हतं. मंग त्यानं एक युक्ती केली. शाळेत चवथीले आपल्या जिल्ह्याच्या भूगोलाचं पुस्तक राहते, सीमा, नद्या, पिकं, हवामान, तसं त्यानं त्याच्या गावाचं पुस्तकच लिवाले घेतलं. परत्येक पत्रात एक पान, पाठपोट. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिवलं, 'पोर-ओ-सोल गावाचा इतिहास व भूगोल, इयत्ता आई'. तिले वाचता येत नाई, म्हून वाचाचं काम माह्याकडं. नावाचे तीन तुकडे मले बोलता येत नव्हते, मी एकत्र करून पोरोसोल केलं, तेच घरात चाललं. त्याचा अर्थ वाळुंजाच्या झाडाईचं बंदर, असं त्यानं सांगतलं. वाळुंज आमी दोघाईनं कधी पाहिलं नाई. तिनं मनानंच ठरवलं, कडुनिंबाएवढं असन.

पहिल्या पानावर सीमा होत्या. उत्तरेस मोठी नदी, दक्षिणेस दलदल, पूर्वेस लहान नदीचा धबधबा, पश्चिमेस रेल्वेचा पूल. मोठी नदी एवढी रुंद का पल्याडचा काठ म्हंजे आपल्या गच्चीवरून सातपुडा दिसते तशी नुसती निळी रेघ. दिवसातून दोन डाव पानी चढते अन दोन डाव उतरते. मी फोनवर म्हनलं, अरे हा तं समुद्रच झाला. तो म्हने, नाई बाबा, नदीच हाये, फक्त समुद्राकडं तोंड करून बसली.

इतिहास मले आवडला. कामाचा इतिहास होता, राजाराणीचा नाई. साडेतीनशे वर्षं पहिले फ्रान्सच्या राजानं काठाची जमीन एका सरदाराले देली, त्यानं कास्तकाराईले वाटली. वाटली कशी, तं पट्ट्यापट्ट्यानं. नदीवर तोंड शंभर-सव्वाशे पावलाचं, अन मांगं लांबी कोसभर. कारन रस्ता नव्हता, नदीच रस्ता, परत्येकाले नदी भेटली पाहिजे. बाप मेला का पोरं पट्टी उभी चिरत, आडवी नाई. चार पिढ्यात पट्टी एवढी अरुंद झाली का एका धुऱ्याच्या बांधावर उभं राहून दुसऱ्या धुऱ्यावरच्या मानसाले तंबाकू देता ये. मले हे समजवून सांगा लागलं नाई. आपल्याइकडं भावाभावात वावर वाटतात ते असंच, परत्येकाले नाल्याचं तोंड पाहिजे, अन मंग वखर वळवाले जागा राहत नाई. मी तिले म्हनलं, पाह्य, मानूस सगळीकडं सारखाच येडा हाये.

मंग इंग्रज आले. एका साली त्याईनं काठावरची गावं जाळत नेली. पोरोसोलच्या लोकाईनं देवळाची घंटा उतरवली, मातीत पुरली अन पोरंबाळं घेऊन रानात पळाले. परत आले तं एकबी घर उभं नव्हतं, पन घंटा जागेवर निंगाली. तीच अजून वाजते म्हने. राज्य इंग्रजाचं झालं, पन बोली त्याईनं सोडली नाई, आजबी किरानावाल्यापासून डाक्टरपर्यंत सगळे फ्रेंचच बोलतात. मी विचारलं, आपल्या गाविलगडावर आले होते तेच का हे इंग्रज. गजेंद्र म्हने, त्याईचेच भाऊबंद. तुह्या आत्याबाईनं त्या दिवसापासून इंग्रजाचं नाव काढलं का तोंड वाकडं केलं, गाविलगडासाठी नाई, पोरोसोलसाठी.

गजेंद्र ती बोली दोन वर्षात शिकला. पन वऱ्हाडी सूर कुठी जाते. परत्येक वाक्याच्या शेवटी 'जी' लावे. पावाच्या दुकानातली बाई आता सवता 'जी' म्हनते, असं तूच सांगतलं होतं. ते ऐकून आमी लय हासलो होतो. ती बाई अजून म्हनते का? मले सांगू नको.

मंग लाकडाची गिरणी, मंग कागदाचा कारखाना, मंग तोबी बंद, पोरं शहरात गेली, शाळेत वर्ग रिकामे, हे एक पान होतं. ते मी फटाफट वाचलं. आपल्याइकडं रोज दिसते, त्याच्यात वाचाचं काय. अन एक पान दलदलीवर होतं. हजारो वर्षं शेवाळ कुजून झालेली माती, खरडून, वाळवून, पोत्यात भरून जगभर धाडतात, अन ती तपासाचं काम आपल्या पोराचं. एक डाव तो येतानी त्याची पुडी घेऊन आला. मी हातात घेतली तं वजनच नाई. मी म्हनलं, याले माती म्हनतात का रे, हा तं चहाचा चोथा हाये. तो हासला. पन त्याच्या मायनं ती पुडी देवाजवळ ठेवली. अजून हाये.

तिनं ते गाव असं पाठ केलं का काही विचारू नको. तूर निवडता निवडता माणिकबाईले सांगे, आमच्या गजूच्या गावात देवळापासून खाली उतरलं का डाव्या हाताले नावेचा धक्का, उजव्या हाताले पावाचं दुकान, वर चढलं का दुसरी आळी, तठी त्याचं घर, निळ्या दाराचं. माणिकबाई मोठी खवचट. म्हने, काहो सुभद्राबाई, गेल्या तं कधी नाई, अन रस्ते असे सांगता जशा काही तठी भाजी इकाले बसता. ही म्हने, गेली नाई तं काय झालं, पोरगा हाये ना तठी. अन खरंच, तू लग्न होऊन पहिल्यांदा गेली अन फोनवर म्हनली का मामाजी, मी रस्ता चुकली होती, तवा हिनं मांगून मले सांगतलं, तिले म्हना धबधब्याचा आवाज पाठीमांगं ठेव अन चाल, घर येते. अन घर आलं. तुले आठवत असन.

आता मी जे टाळून राहिलो तठी येतो.

वाचाचं काम माह्याकडं होतं. मले एका जागी बसून वाचाचा कंटाळा. कोनी लांबन लावली का माह्या पायाले मुंग्या येतात, हे साऱ्या गावाले मालूम हाये. दहा ओळीतल्या सहा वाचो, बाकीचं तोंडानं सांगून मोकळा होवो. ती म्हने, एवढंच लिवलं का? मी म्हनो, एवढंच. पान सातवं हवामानाचं होतं. त्याची पुढची बाजू मी पूरी वाचली, कारन तिले ते लय आवडलं. हिवाळ्यात नदी काठापासून समोरच्या बेटापर्यंत गोठते, अन लोक बर्फात सुरूची लहान लहान झाडं दोन रांगात रोवतात, म्हंजे वाट समजते, वादळात मानूस रांगेतून चालत राहिला का घरी पोचते. ती म्हने, बर्फात झाड? जगते का ते? मी सांगाले लागलो अन लाइन आली. तवा वावरातल्या लाइनीचा काही भरोसा नव्हता, चार तास आली तं आली. मी उठलो अन मोटर लावाले धावलो. पान उलटवलंच नाई. संध्याकाळी ती म्हने, राहिलेलं वाचा. मी म्हनलं, झालं ते, संपलं.

पंधरा दिवसानं गजेंद्रचा फोन आला. ती नळावर होती. तो म्हने, बाबा, सातवं पान वाचलं का आईले? मी म्हनलं, हो. तो म्हने, शेवटी एक विचारलं होतं मी, काय म्हने आई? मले काय मालूम त्यानं काय विचारलं. पन ट्रॅक्टर उभा होता, गिऱ्हाईक राजस्थानातून आलं होतं, हजार कलमा भराच्या होत्या. मी म्हनलं, चांगलं हाये म्हने. तो म्हने, खरंच चांगलं म्हने का? मी म्हनलं, हो रे बाप्पा, चांगलं म्हने. त्यानं फोन ठेवला. मी कलमा भरल्या. सोळा वर्षं झाली याले.

अन मंग या जानेवारीत तुहा फोन आला. दिवेलागनीची येळ, मी नर्सरीचं फाटक लावून राहिलो होतो. तू सांगतलं का ते गेले. मले फक्त तेवढंच ऐकू आलं. त्याच्यानंतर तू रडत रडत सांगून राहिली होती का मामाजी, इथं दोन रस्ते हायेत, एक तं शहरात नेऊन अग्नी द्याचा, पन वादळामुळं तीन-चार दिवस लागतीन, नाईतं मंग इथी गावातच, पन इथली जमीन... अन मी मधातच तोडलं. मी म्हनलं, तठी जी रीत असन तशी कर. आमाले विचारत नको बसू. पसारा नको करू. अन फोन ठेवला. माह्यानं पुढचं ऐकवत नव्हतं, म्हून ठेवला. पन हे तुले कसं मालूम होनार. तुले असंच वाटलं असन का सासऱ्यानं हुकूम देला.

चार दिवसानं अमोलनं तुले फोन लावून देला तवा समजलं का गजेंद्रले दगडी खोलीत ठेवलं अन मे महिन्याशिवाय माती होत नाई. तुही आत्याबाई फोनजवळच होती. तिनं ऐकलं. दोन तासानं तिनं मले विचारलं, हे कोनं ठरवलं?

तठी माहं उत्तर काय होतं ते शेवटी लिवतो.

तवापासून ती तुह्याशी बोलत नाई. आचलनं 'आजी' म्हनून हाक मारली तं फोन घेते, जेवली का विचारते, अन माह्या हातात देऊन टाकते. लेकरू अकरा वर्षाचं, त्याले काय समजते अन काय नाई, देवाले मालूम. तू दर रविवारी आचलले घेऊन त्या खोलीच्या दारापाशी जाऊन उभी राहते, हे तू सांगतलं त्या दिवशी ही उठून अंगनात गेली अन झाडाले पानी टाकत बसली. भर दुपारी, बारा वाजता, उन्हात. मुळं जळतीन, तरी मी तिले अडवलं नाई.

मंग तुहं पत्र आलं. मी ते नर्सरीत बसून वाचलं. तू लिवलं का मामाजी, आत्याबाई माह्याशी काहून बोलत नाईत ते मले समजत नाई. हे जिवंत असतानी मले कितीदा सांगत, इथली ही रीत माह्या मायले चांगली वाटली, तिनं सवता म्हनलं. म्हून मी त्याईले शहरात नाई नेलं. तुमी म्हनलं रीतीनं कर, अन आत्याबाईले रीत पसंत होती, मंग माहं चुकलं काय.

ते वाचून मी घरी आलो अन पेटीतून ती जुनी पत्रं काढली. सातवं पान उलटवलं. गजेंद्रचं अक्षर. पुस्तकी भाषेत लिवे तो. जसं हाये तसं उतरवतो:

'हिवाळ्यात इथली जमीन चार-साडेचार फूट गोठते. कुदळ लागत नाही. म्हणून हिवाळ्यात जो मरतो त्याला देवळामागच्या दगडी खोलीत ठेवतात, आणि मे महिन्यात जमीन उकलली की सगळ्यांची माती एकाच आठवड्यात करतात. खोली दीडशे वर्षांपूर्वीची आहे. मला पहिल्यांदा ऐकून कसंतरी झालं. पण शेजारच्या म्हातारीचा नवरा डिसेंबरात गेला, ती म्हणते, पाच महिने मला वाटत राहिलं की तो अजून गावातच आहे, पुरता गेला नाही. आई, ही रीत चांगली की वाईट, ते तू सांग.'

दामिनी, मी ते पान घेऊन नर्सरीच्या मांगं गेलो. मांगं मुरूम हाये, उन्हानं दगड झालेला. मी सब्बल उचलली अन त्याच्यावर मारत राहिलो. माती कशी राहते ज्याच्यात लोखंड जात नाई, हे मले पाह्याचं होतं. आपली काळी माती, आता या दिवसात तिच्यात पाय जाईन एवढ्या भेगा पडतात, काठी टाकली तं आत जाते. जलमभर मातीत काम केलं, पन माती मानसाले नाई म्हनते, हे पाहिलं नव्हतं. सब्बलीचं टोक बोथट झालं. माणिकबाई कुपाटीवरून म्हने, काहो, विहीर खंदता का? मी म्हनलं, हो.

ते पान मी दोन महिने कलमाच्या चाकूच्या डब्यात ठेवलं. रोज डबा उघडो, रोज चाकू घेवो, पान तसंच. तुहं पत्रबी तठीच. हा उशीर त्याचा. पोस्टाची चुकी नाई.

अक्षय तृतीयेले आपल्याइकडं घागर भरतात, हे तू अकोल्याची हायेस, तुले सांगा लागत नाई. ज्याच्या घरचं मानूस वर्षात गेलं तो नवी घागर आनते, थंड पानी भरते, त्याच्यात वाळा टाकते, वरती आंबा ठेवते, अन त्याच्या नावानं पुजते, का बाप्पा, उन्हाचा गेला, पानी पेऊन जाय. घागर तिनं बजारातून सवता आनली. मले वाटलं मन बदललं. पन त्या सकाळी तिनं ती घागर देवाजवळ पालथी घातली अन बाजूले बसून राहिली. मी म्हनलं, भर ना. ती म्हने, पानी कोनाले पाजू, तो अजून मधातच हाये. तिनं ठेवलं त्याले मधात.

तिनं म्हंजे तू.

तवा मी डबा आनला. चष्मा लावला. अन सातवं पान पाठपोट वाचलं, एकबी ओळ न सोडता. सोळा वर्षानं. अन मंग तिले सांगतलं का हे मी तवा वाचलंच नव्हतं, अन तिच्या नावानं गजेंद्रले चांगलं म्हने असं मीच सांगतलं. अन फोनवर तू दोन रस्ते सांगून राहिली होती, एकबी मी पूरा ऐकला नाई, रीतीनं कर म्हनून मीच बोललो. अन तिनं मले जानेवारीत विचारलं कोनं ठरवलं, तवा मी म्हनलं, तिनंच ठरवलं असन, आजकालच्या पोरी कोनाले विचारतात. हे माहं उत्तर होतं, दामिनी. तीन महिने तुह्या अंगावर जे गेलं ते माहं होतं. मी रोज पाहत होतो अन गप होतो.

ती ओरडली असती तं बरं झालं असतं. तिनं पान माह्या हातातून घेतलं, वाचता येत नाई तरी दोन्ही बाजूनं पाहत राहिली, गजेंद्रच्या अक्षरावरून बोट फिरवलं, अन घडी करून कंबरेले खोसलं. तीन दिवस माह्याशीबी बोलनं बंद. जेवन समोर ठेवे अन जाये. फोडनी अजून नाईच. मले म्हनाचा हक्क नाई.

आज सकाळी मी पानी देऊन आलो तं देवाजवळची घागर सुलटी होती. पानी नाई, रिकामीच, पन सुलटी. ती बाजूले त्या शेवाळमातीची पुडी हातात घेऊन बसली होती. मले पाहून म्हने, सुनेले पत्र लिवा. मी म्हनलं, काय लिवू? तू लिवलं होतं का मे च्या तिसऱ्या आठवड्यात जमीन उकलन, तवा तठीच माती द्याची का शहरात नेऊन अग्नी द्याचा, या डाव मामाजी पूर्ण ऐकून मंग सांगा. मले वाटलं, ती आता ते सांगन. ती म्हने, ते आमी दोघी पाहू, तुमी मधात पडू नका. तिले फक्त विचारा, तठी माती मऊ झाली का. म्हून हे पत्र. मी काहीच ठरवत नाई, मी एकडाव ठरवलं. तू जाय, हातानं पाह्य, बोट जाते का आत, अन मंग फोन कर. मी उचलीन, पन मले सांगू नको. मी फोन तिच्या हातात देतो अन बाहेर फाटकापाशी उभा राहतो.

तुहाच मामाजी
खुशालराव